तळपायाचा नकाशा: रेषा आधी, ठिपके नंतर

ठाण्यात किंवा वाशीत लाकडी रोलर आणि काटेरी ॲक्युप्रेशर चपला विकणाऱ्याकडे एक लॅमिनेट केलेला तक्ता बहुधा असतोच. दोन तळवे, त्यांवर तीस-चाळीस रंगीत ठिपके, प्रत्येकाला नंबर आणि शेजारी अवयवांची यादी. नवशिका तो घरी आणतो, भिंतीला लावतो आणि पाढ्यांसारखा पाठ करायला लागतो. आठवड्याने घरातल्या कुणाचा तरी पाय मांडीवर घेतला की अडतो. तक्त्यातलं पाऊल आखीव आणि लांबट. समोरचं पाऊल रुंद, टाच भेगाळलेली, अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला. मग बावीस नंबरचा ठिपका इथे नेमका कुठे शोधायचा?

हा तक्ता रिफ्लेक्सॉलॉजीचा, म्हणजे तळव्याची ठरावीक जागा दाबली की ठरावीक अवयवाला गुण येतो असं मानणाऱ्या पद्धतीचा. त्यातला ठिपका नंबरावरून सापडत नाही, रेषांवरून सापडतो. पावलावर चार आडव्या रेषा आणि पाच उभे पट्टे आखता आले की कुठल्याही मापाच्या पायावर कुठलाही भाग काढता येतो. म्हणून या लेखात ठिपके रेषांनंतर येतात.

हा नकाशा आला कुठून

इजिप्तमध्ये सक्कारा इथे अंखमाहोरच्या थडग्यात एक भित्तिशिल्प आहे. त्यात काही माणसं दुसऱ्यांचे हातपाय धरून बसलेली दिसतात. रिफ्लेक्सॉलॉजीच्या बहुतेक माहितीपत्रकांची सुरुवात याच चित्राने होते. पण त्या शिल्पात नकाशा नाही, आणि ते काय करताहेत यावरही एकमत नाही. आपल्याकडे विष्णुपादांची चित्रंही 'प्राचीन भारतीय रिफ्लेक्सॉलॉजी' म्हणून फिरतात. त्या पावलांवरची शंख, चक्र, मासा ही शुभचिन्हं आहेत, अवयव नव्हेत.

आज दुकानात मिळणारा तक्ता शंभरेक वर्षांचा आहे. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, मधल्या रेषेच्या डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच. १९१७ मध्ये त्यांचं एडविन बॉवर्स यांच्यासोबतचं पुस्तक आलं. ते दाब द्यायला रबरबँड, कंगवे, कपड्यांचे चिमटेही वापरत. पुढे युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्टने १९३० च्या दशकात सगळं लक्ष पावलांवर आणलं आणि शरीराचं अख्खं चित्र तळव्यावर बसवलं. आडव्या रेषांची शिस्त जर्मनीत हाने मार्क्वार्ट यांनी रुजवली. तैवानमध्ये स्विस मिशनरी फादर जोसेफ ऑइग्स्टर यांच्यामुळे वेगळी, जास्त जोराची पद्धत लोकप्रिय झाली. तिथे बोटाचं पेर आणि लाकडी काडी वापरतात.

हे घराणेभेद ठाऊक हवेत, कारण तक्तेही त्यानुसार बदलतात. इंगहॅमच्या परंपरेत उजवा पाय म्हणजे शरीराची उजवी बाजू, डोक्यासकट. तैवानी तक्त्यात डोक्याचे भाग उलटे असतात: डोक्याची उजवी बाजू डाव्या पायाच्या बोटांवर. दोन तक्ते समोर ठेवून गोंधळण्यापेक्षा एक घराणं निवडा आणि निदान सहा महिने त्यालाच धरून राहा. पुढचं सगळं वर्णन इंगहॅमच्या परंपरेचं आहे.

उपयोगाबद्दल शास्त्र काय म्हणतं तेही आधीच सांगून टाकतो. तळव्याच्या एखाद्या जागेचा यकृताशी किंवा मूत्रपिंडाशी थेट दुवा असल्याचं शरीररचनेत सापडलेलं नाही. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या आणि कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी प्रभावी असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियात एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून मिळणाऱ्या सवलतीच्या यादीतून ती वगळली गेली. उरतं ते म्हणजे पायाला आराम, अंग सैल होणं, झोप येणं. हेही कमी नाही. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत दारात उभं राहून जाणाऱ्याला विचारा.

तक्ता घेताना एक परीक्षा

बाजारातल्या काही तक्त्यांत चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. तळव्याचं चित्र, बोटं वर. अंगठा तुमच्या उजव्या हाताला असेल तर तो उजवा पाय. यकृत आणि पित्ताशय याच पायात हवेत. अंगठा डावीकडे असेल तर डावा पाय. प्लीहा तिथे हवी आणि हृदयाचा मोठा भागही तिथेच. हे जुळलं नाही तर तक्ता परत करा. पावलाच्या वरच्या बाजूचं चित्र असेल तर हीच खूण नेमकी उलटी होते, हे विसरायचं नाही.

आणखी एक घोळ. समोरचा माणूस उताणा झोपला आहे आणि तुम्ही त्याच्या पायाशी बसला आहात. त्याचा उजवा पाय तुमच्या डाव्या हाताला येतो. पहिल्या दहा वेळा तरी काम सुरू करण्याआधी 'हा उजवा' असं तोंडाने म्हणा. हसतील, हसू देत.

आधी पाऊल पाऊल म्हणून बघा

एका पावलात २६ हाडं. नकाशा शिकण्याआधी त्यांतल्या मोजक्या खुणा बोटांना ओळखीच्या व्हायला हव्यात. स्वतःचा पाय मांडीवर घ्या.

बोटांखालचा फुगीर, गादीसारखा भाग म्हणजे चवडा. तो संपतो तिथून कमान सुरू होते. कमानीची कातडी पातळ आणि फिकट, चवड्याची जाड. आता करंगळीच्या बाजूच्या कडेवरून हाताचा अंगठा टाचेकडे सरकवत न्या. पावलाच्या साधारण मध्यावर हाडाचा एक टेंगूळ लागेल. करंगळीमागच्या लांब हाडाचं ते बूड. ही खूण फार मोलाची आहे. कुठलाही पाय असो, रुंद, सपाट, सुजलेला, हा टेंगूळ सापडतोच.

आता दुसऱ्या हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. कमानीत आतल्या बाजूला दोरीसारखी ताणलेली एक पट्टी वर येते. ही तळव्याची पट्टी, डॉक्टरी भाषेत प्लांटर फॅशिया. तिची जागा बघून ठेवा आणि बोटं सोडून द्या. बोटं ओढलेली असताना या पट्टीवर कधीच जोर द्यायचा नाही. ताणलेल्या पट्टीवर अंगठा दाबला तर दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी टाच धरते.

पेन्सिल घ्या आणि आखा

भुवयांची पेन्सिल सगळ्यांत बरी. बॉलपेन तळव्यावर घसरतं आणि पक्का मार्कर तीन दिवस जात नाही. पाय धुऊन कोरडा करा आणि आखायला बसा.

पहिली आडवी रेषा बोटांच्या बुडाशी. ही खांद्यांची रेषा.

दुसरी रेषा चवडा संपून कमान सुरू होते तिथे. ही डायफ्रॅमची, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची रेषा. ती सरळ नसते, चवड्याच्या गोलाईबरोबर कमानीसारखी वळते. नवशिके इथे पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारतात आणि मग करंगळीखालचा भाग चुकतो.

तिसरी रेषा मघाच्या टेंगळापासून आतल्या कडेपर्यंत आडवी. ही कमरेची रेषा.

चौथी टाचेची. कमानीची मऊ कातडी संपून टाचेची जाड कातडी सुरू होते तिथे.

आता उभे पट्टे. प्रत्येक बोटाच्या मधून एक पट्टा टाचेपर्यंत खाली येतो असं समजा. अंगठ्याचा पहिला, करंगळीचा पाचवा. पहिला पट्टा शरीराच्या मध्याचा, पाचवा बाहेरच्या कडेचा.

एवढं झालं की नकाशा जवळजवळ हातात आला. उभा माणूस तळव्यावर कसा बसवलाय ते आता दिसतं. बोटं म्हणजे डोकं आणि मान. पहिल्या दोन रेषांमधला चवडा म्हणजे छाती. डायफ्रॅम ते कंबर म्हणजे पोटाचा वरचा भाग. कंबर ते टाच म्हणजे खालचं पोट. टाच म्हणजे ओटीपोट आणि बैठक. दोन्ही पाय जुळवून ठेवले की आतल्या कडा मध्ये येतात, तिथे पाठीचा कणा. बाहेरच्या कडांना खांदा, कोपर, गुडघा, नितंब.

सपाट पायाला कमान नसते, त्यामुळे दुसरी आणि चौथी रेषा डोळ्यांना दिसत नाहीत. तिथे कातडीची जाडी बोटाने चाचपून ठरवा. टेंगूळ असल्यामुळे तिसरी रेषा कधी चुकत नाही. तीवरून वर-खाली मोजा.

आता ठिपके

अंगठ्याच्या मांसल भागावर डोकं आणि मेंदू. अंगठ्याच्या ठशातला भोवरा जिथे असतो, तिथे पिट्यूटरी ग्रंथी. भोवरा मधोमध असेलच असं नाही, आतल्या कडेला सरकलेलाही असतो, म्हणून उजेडात बघून घ्या. अंगठ्याचं बूड म्हणजे मान. बाकीच्या चार बोटांच्या टोकांना सायनस. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या बुडाशी डोळे, चौथ्या-पाचव्याच्या बुडाशी कान.

चवड्यावर फुप्फुसं दोन्ही पायांत. अंगठ्याखालच्या उशीसारख्या भागावर, तिच्या कडेने, थायरॉईड. करंगळीच्या बुडाखाली बाहेरच्या कडेला खांदा.

डायफ्रॅमच्या रेषेवर, दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्याच्या मध्ये, सोलर प्लेक्सस, म्हणजे पोटाच्या वरच्या भागातलं नसांचं जाळं. पाऊल दोन्ही कडांनी हलकं दाबलं की तळव्यावर खळगा पडतो, तीच जागा. इथे थोडं थांबायला हवं. आयुर्वेदात सुश्रुतांनी सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी तलहृदय हे मर्म मधल्या बोटाच्या रेषेत तळव्याच्या मध्यावर येतं. चिनी ॲक्युपंक्चरचा यूंगच्युआन हा बिंदूही याच परिसरात. जागा जवळपास एकच, अर्थ मात्र तिघांचे तीन. सुश्रुतांच्या लेखी मर्म म्हणजे जिथे इजा होऊ द्यायची नाही अशी जागा, चिन्यांच्या लेखी मूत्रपिंडाच्या वाहिनीचा पहिला बिंदू, इंगहॅमच्या परंपरेत सैल करण्याची जागा. 'सगळ्या संस्कृतींनी एकच सत्य ओळखलं' असं कुणी सांगू लागलं तर हे आठवा.

डायफ्रॅम आणि कंबर यांमधल्या भागात उजव्या पायावर बाहेरच्या बाजूने यकृत, त्याच्या खालच्या कडेजवळ चौथ्या पट्ट्यात पित्ताशय. डाव्या पायावर आतल्या बाजूला जठराचा मोठा भाग, बाहेर चौथ्या-पाचव्या पट्ट्यात प्लीहा. मूत्रपिंड कमरेच्या रेषेजवळ, दोन्ही पायांत, मघाच्या दोरीसारख्या पट्टीला लागून बाहेरच्या अंगाला. ॲड्रिनल ग्रंथी त्याहून जरा वर, पट्टीच्या आतल्या अंगाला.

कमरेखाली मोठं आतडं. उजव्या पायावर टाचेच्या रेषेपासून चौथ्या-पाचव्या पट्ट्यातून वर चढतं, कमरेच्या रेषेने आडवं आतल्या कडेपर्यंत येतं, डाव्या पायावर आडवं पुढे जातं आणि बाहेरून खाली उतरतं. मधल्या मोकळ्या जागेत लहान आतडं. मूत्राशय आतल्या बाजूला, टाचेच्या पुढच्या कडेपाशी. सायटिकेची आडवी पट्टी टाचेच्या मध्यावर.

कणा आतल्या कडेने: अंगठ्याच्या कडेला मान, चवड्यापासून कमरेच्या रेषेपर्यंत पाठ, तिथून टाचेपर्यंत कंबर, टाचेला माकडहाड. घोट्याच्या आतल्या हाडापासून टाचेच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ धरा. तिच्या मध्यावर गर्भाशय किंवा प्रोस्टेट. बाहेरच्या बाजूला तशाच जागी बीजांडकोश किंवा वृषण.

अंगठा चालवणं, कणकेवर

रिफ्लेक्सॉलॉजीत चोळत नाहीत. अंगठा सुरवंटासारखा पुढे चालतो. हात टेबलावर पालथा ठेवा. अंगठ्याची जी कड टेबलाला आपसूक टेकते, ती कामाची कड. अंगठ्याचं वरचं पेर किंचित वाकवा, दाबा, सरळ करा, दोन-तीन मिलिमीटर पुढे. परत वाकवा. हालचाल फक्त वरच्या पेरात. बुडाचा सांधा स्थिर. उरलेली चार बोटं पावलाच्या वरच्या बाजूला टेकलेली, तीच जोर देतात. दुसरा हात पाऊल धरून ठेवतो. अंगठा नेहमी पुढे जातो. मागे यायचं असेल तर उचलून सुरुवातीला ठेवायचा.

सराव माणसाच्या पायावर करू नका. पोळ्यांसाठी मळलेली घट्टसर कणीक घ्या, दोन बोटं जाडीची थापा आणि तिच्यावर अंगठा चालवा. कणीक सगळं सांगते. खळगे एका ओळीत आणि सारख्या अंतरावर पडले तर चाल बरोबर. प्रत्येक खळग्याच्या टोकाला चंद्रकोर उमटली तर तुमचं नख लागतंय, नख कापा किंवा पेर कमी वाकवा. खळग्यांच्या जागी लांब चर पडली तर अंगठा घसरतोय. एक खोल आणि एक उथळ असं येत असेल तर जोर खांद्यातून येतोय, बोटांतून नाही. रोज पाच मिनिटं, पंधरा दिवस. कणीक नंतर टाकून द्या, घरच्यांना सांगूही नका.

दाब किती द्यायचा ते शब्दांत सांगणं अवघड. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अंगठा दाबून बघा. नवशिक्याने तळव्यावर एक किलोच्या आसपास राहावं. कमानीत आणि घोट्याभोवती त्याच्या निम्म्यावर. समोरच्याला ० ते १० मध्ये दुखणं सांगायला लावा. पाचच्या वर गेलं की दाब कमी. 'दुखलं तरच गुण येतो' ही समजूत ठाण्या-मुंबईत घट्ट बसलेली आहे. तिला भीक घालू नका. दाताला दात लावून बसलेला माणूस सैल होत नाही.

तेल लावायचं नाही, निदान सुरुवातीला. तेलावर अंगठा घसरतो आणि चाल जमत नाही. आपल्या दमट हवेत तळवे घामेजतात, म्हणून दोन्ही पायांना मिळून अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर पुरतं. जास्त घातलं तर बोटांच्या बेचक्यांत लगदा होतो. काशाच्या वाटीने तूप किंवा तेल लावून तळवे घासणं ही वेगळी आणि छान गोष्ट आहे. ती पादाभ्यंगाच्या, म्हणजे तळव्यांना तेल-तूप चोळण्याच्या आयुर्वेदिक प्रथेच्या घरातली. दोन्ही एकत्र करायच्या असतील तर वाटी शेवटी.

आधी विचारा, मग हात लावा

पाय बघायच्या आधी चार प्रश्न, आडपडदा न ठेवता. 'काकू, शुगर आहे का? पायाला मुंग्या येतात का, किंवा चप्पल निसटलेली कळत नाही असं होतं का?' मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर दाब जास्त झालेला समोरच्याला कळणारच नाही. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काम नाही. गरम पाण्याचा टबही नाही, कारण चटका बसलेला कळत नाही.

'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?' असेल तर दाब नको, काळंनिळं पडतं. 'एका पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं आहे का?' एकाच पायात असं असेल तर शिरेत गुठळी असू शकते. पायाला हात लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाईला पहिले तीन महिने हात लावू नका, पुढेही तिच्या डॉक्टरांच्या संमतीनेच. ताप, ताजं फ्रॅक्चर, गाउटचा (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा) भडका, लालसर तापलेली कातडी, उघडी जखम, ठिसूळ हाडं: इथे नाही म्हणायला शिका.

पावसाळ्यात एक खास गोष्ट. ठाणे आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर ओले बूट आणि साचलेलं पाणी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर त्या पायावर काम करू नका. बुरशी तुमच्या हाताने दुसऱ्या बोटांवर आणि दुसऱ्या माणसावर जाते. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेला आणि पायाला कापलेलं, खरचटलेलं असेल, तर रिफ्लेक्सॉलॉजीचा विषय बंद. ती लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती आहे. अशा माणसाने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावं.

बैठक आणि क्रम

ज्याचे पाय बघायचे तो पलंगावर किंवा आरामखुर्चीत रेललेला, गुडघ्यांखाली उशी. तुम्ही मोड्यावर, पाठ सरळ. पावलं तुमच्या पोट-छातीच्या मधल्या उंचीला आली पाहिजेत. फ्लॅटमध्ये बहुतेक जण जमिनीवर बसून करतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची कंबर धरतात. जेवणानंतर तासभर थांबा. पाय कोमट पाण्याने धुऊन, बेचक्यांसह कोरडे.

उजवा पाय आधी, मग डावा, कारण मोठ्या आतड्याचा प्रवास याच दिशेने दाखवलेला आहे. प्रत्येक पायाला वीस मिनिटं: सैल करायला तीन, सोलर प्लेक्सस एक, कणा तीन, बोटं चार, चवडा तीन, डायफ्रॅम ते कंबर दोन, कंबर ते टाच दोन, टाच आणि घोटे एक, वरची बाजू एक. पहिल्या वेळी हे निम्मं करा.

सैल करणं म्हणजे पाऊल दोन्ही तळहातांत कडेने धरून पाखडल्यासारखं डावी-उजवीकडे हलवणं, मग घोटा प्रत्येक दिशेने पाच वेळा फिरवणं. सोलर प्लेक्ससवर अंगठा ठेवा. समोरचा श्वास घेत असताना दाबा, सोडताना सैल. पाच श्वास. चवडा आणि कमान यांवर अंगठा टाचेकडून बोटांकडे, पट्ट्यापट्ट्याने, मग आडवा. भोवऱ्यासारख्या बारीक जागेवर चालता येत नाही. तिथे अंगठा रोवून किंचित मागे ओढायचा, तीनदा. घोट्याभोवती अंगठ्याऐवजी तर्जनीची चाल वापरा, तिथे हाड कातडीलगत असतं.

काय बिघडतं? गुदगुल्या होतात, कारण हात हलका आणि घाबरलेला असतो. आधी पूर्ण तळहात घट्ट टेकवा, मग अंगठा. मध्येच पायात गोळा येतो, विशेषतः दिवसभर उभं राहिलेल्यांना. थांबा, गुडघा सरळ करा, बोटं नडगीकडे ओढून धरा, सुटेपर्यंत. तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटाच्या कडेला दुखायला लागलं तर बुडाचा सांधा वाकतोय. परत कणकेकडे. सुरुवातीला दिवसाला दोन माणसांच्या वर नको.

दुखलं म्हणजे काय

नवशिक्याचा मोह इथेच होतो. एका जागी दाबलं, समोरचा 'आई गं' म्हणाला, तक्ता बघितला, 'तुमच्या मूत्राशयाला काहीतरी आहे.' असं म्हणू नका. मूत्राशयाची जागा टाचेच्या आतल्या-पुढच्या कडेला आहे. तळव्याची पट्टी टाचेच्या हाडाला जिथे चिकटते ती जागाही तिथेच. दिवसभर उभं राहणाऱ्याची, पातळ चपलेत चालणाऱ्याची, सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येणाऱ्याची टाच बरोबर तिथेच दुखते. मूत्राशय ठणठणीत असतं. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बेचक्यात झणझण होत असेल तर तक्ता डोळे-कान म्हणेल, पण तिथे दबलेली नस असू शकते. अंगठ्याच्या बुडाचा सांधा लाल आणि गरम असेल तर थायरॉईड नव्हे, आधी गाउटचा विचार, आणि तो डॉक्टरांनी करायचा.

पायावरून निदान होतं का, हे इंग्लंडमध्ये तपासलंही आहे. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरावीक सहा आजारांपैकी एक किंवा अधिक असलेल्या १८ जणांचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टना दाखवले, कुणाला काय आहे ते न सांगता. दोघांना आजार नेमके ओळखता आले नाहीत आणि दोघांचं आपसातही फारसं जुळलं नाही.

अंगठ्याखाली साखरेच्या दाण्यांसारखं करकरतं, त्याला परंपरेत साचलेले स्फटिक म्हणतात आणि दाबून ते फोडायचे सांगतात. फोडायला जाऊ नका. तिथे बहुधा चरबीची गादी, स्नायूंचे धागे किंवा घट्टा असतो. कुरूप असेल तर त्याला वळसा घालून जा. 'विषारी द्रव्यं बाहेर पडतील, चार ग्लास पाणी प्या' हेही सांगू नका. तहान लागली तर पाणी द्या.

दोन्ही पाय झाले की पावडर ओल्या कापडाने पुसा, मग हवं तर चमचाभर खोबरेल तेल. भुवयांच्या पेन्सिलीच्या रेषा याच तेलाने निघतात. समोरच्याला दोन मिनिटं पाय खाली सोडून बसू द्या. लगेच उठलं तर काहींना गरगरतं, वय झालेल्यांना जास्त. आणि फरशी. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर तेलकट तळवा म्हणजे सरळ घसरगुंडी. टाचा आणि चवडे साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, चपला पायात सरकवून मगच उठू द्या. दरवाजापर्यंत हात धरा.